उजवीकडच्या पंख्याचं हेलिकॉप्टर

डहाणू रोडला, एका कापड दुकानाच्या वरच्या खोलीत, दर रविवारी सकाळी पाच पुरुष जमतात आणि प्लास्टिकची विमानं चिकटवतात. पाचांपैकी चौघांना चाळिशीचा चष्मा आहे आणि पाचव्याला मोतीबिंदू. त्यांतला एक मी. लग्नानंतर बरीच वर्षं मी बायकोला रविवारी बँकेच्या कामाला जातो असं सांगायचो. रविवारी बँक बंद असते हे तिला माहीत होतं. पण खरं काय असेल याचे तिने जे जे अंदाज बांधले होते, त्या मानाने हे प्रकरण फारच निरुपद्रवी निघालं, म्हणून तिने सोडून दिलं. खरं कळलं त्या दिवशी तिच्या चेहऱ्यावर सुटकेबरोबर थोडी निराशाही होती, असं मला अजून वाटतं.

आमच्या मंडळाचे अध्यक्ष रेल्वेतून निवृत्त झालेले अधिकारी. निवडणूक वगैरे कधी झाली नाही. खोली त्यांची म्हणून पद त्यांचं. त्यांच्या खिशात कायम एक घडीचं भिंग असतं. कुणी नवीन मॉडेल टेबलावर ठेवलं की ते आधी चहा संपवतात, मग रुमालाने भिंग पुसतात आणि मग त्या मॉडेलवर वाकतात. विमान छान दिसतंय का, हा प्रश्न आमच्यात कुणी विचारत नाही. पंखाखाली रिव्हेट किती, चाकातली हवा किती बसलेली दाखवली आहे, आणि ज्या एका विमानाची ही प्रतिकृती आहे त्याला त्या काळात ती अँटेना होती का, हे आमचे प्रश्न. अध्यक्षांच्या खालोखाल मान तलासरीच्या एका शाळेत गणित शिकवणाऱ्या मास्तरांचा. मास्तर कुठल्याही वादात "यावर दोन मतं आहेत" एवढंच म्हणतात आणि दोहोंपैकी एकही सांगत नाहीत. त्यामुळे ते आजवर एकदाही चुकलेले नाहीत. उरलेले दोघे माना डोलावतात.

आमच्या या जमातीची एक रीत बाहेरच्या माणसाला सांगूनही पटत नाही. महागाचं, दुर्मीळ किट मिळवायचं, त्यासाठी वर्षभर झुरायचं, आणि ते हाती आलं की खोका उघडायचा नाही. सील फोडायचं नाही. कपाटात वरच्या खणात, पुस्तकांच्या मागे ठेवून द्यायचा आणि अधूनमधून धूळ पुसायची. कारण साधं आहे. खोका उघडला की ते जुळवावं लागतं, आणि जुळवलं की चूक निघते. बंद खोक्यातल्या विमानात अध्यक्षांनासुद्धा चूक काढता येत नाही.

माझ्या कपाटात असं एक हेलिकॉप्टर होतं. शायान. अमेरिकेने हल्ल्यासाठी म्हणून एकेकाळी बनवलं, त्या काळाच्या मानाने भलतंच वेगवान. त्याच्या पुढच्या खुर्चीतला तोफवाला खुर्चीसकट गर्रकन पूर्ण फिरू शकायचा. शेपटीला दोन पंखे: एक अगदी टोकाला, मागून ढकलणारा, आणि दुसरा शेपटीच्या आडव्या पात्याच्या डाव्या टोकाला, हेलिकॉप्टर स्वतःभोवती गरगरू नये म्हणून. अशी दहा बनवली. मग सरकारने विचार बदलला आणि सगळा प्रकल्प गुंडाळून ठेवला. दहापैकी आज चार उरली आहेत, संग्रहालयांतून आणि लष्करी छावण्यांच्या आवारांतून उभी. आमच्यासारख्यांना या चारांचे फोटो पाठ असतात. कुठल्याचा रंग उडालाय, कुठल्याची काच पिवळी पडली, हे आम्ही नात्यातल्या माणसांच्या आजारपणासारखं सांगतो.

मी तलासरीला एका सरकारी कचेरीत कारकून आहे. तिथे माझ्या शेजारच्या टेबलावर पूर्वेकडच्या डोंगरातल्या गावाहून येणाऱ्या एक बाई बसतात. त्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या भात आणि नागली पिकते. एकदा जेवणाच्या सुट्टीत मी त्यांना शायानची सगळी कथा ऐकवली. त्यांनी डबा खाता खाता शांतपणे ऐकून घेतली आणि विचारलं, की यांतलं एखादं लढाईला गेलं का. म्हटलं, एकही नाही. त्या म्हणाल्या, "आमच्या गावात पाण्याची टाकी हाय ना, तशीच म्हणा की. बांधली, फोटो काढला, पाणी नाय. पण उभी हाय अजून." आणि त्यांनी मला नागलीची अर्धी भाकरी दिली. शायानवर मी आजवर वाचलेल्या सगळ्या लेखांचा सारांश त्यांनी केला होता, आणि मला त्याचा भयंकर राग आला.

त्या रागातच बहुधा, मी खोका उघडायचं ठरवलं. मंडळाला आधी कळवलं. रविवारी सगळे इस्त्रीचे शर्ट घालून आले. अध्यक्षांनी सील फोडायला स्वतःची सुरी दिली. मी ते किट एका संग्राहकाकडून घेतलेलं, सील शाबूत पाहून, आणि पाच वर्षं कपाटात जपलेलं. आत सुटे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटींना जोडलेले असतात, त्या चौकटी एकेक करून आम्ही टेबलावर मांडल्या आणि यादीशी ताडून पाहिल्या. एक चौकट नव्हती. शेपटीची. आडवं पातं आणि डावीकडचा पंखा ज्या चौकटीत असायचे ती मुळात कधी खोक्यात पडलीच नव्हती. पाच वर्षं मी एका शेपटी नसलेल्या हेलिकॉप्टरची धूळ पुसत होतो. मास्तर म्हणाले, यावर दोन मतं असू शकतात. त्यांच्या अंगावर डिंकाची बाटली फेकायचा मोह मी कसाबसा आवरला.

अध्यक्षांनी सुचवलं की वापीला एकाकडे कॉम्प्युटरवरून छापून वस्तू बनवणारं मशीन आहे, दुपारपर्यंत तुकडा हातात. मी हो म्हणणार होतो. तेवढ्यात मला बाबा आठवले.

माझे वडील डायवाले. सोन्याच्या दागिन्यांवर जी नक्षी उठते, ती आधी कुणीतरी पोलादाच्या ठोकळ्यात उलटी कोरलेली असते. जिथे फूल वर यायचं तिथे खड्डा, जे उजवीकडे यायचं ते डावीकडे. त्या ठोकळ्यावर सोन्याचा पत्रा ठेवून ठोकला की फूल सुलट उठतं. तो ठोकळा म्हणजे डाय. आमच्या या पट्ट्यात घरोघर हे काम चालायचं, आणि बाबांनी पन्नासएक वर्षं मसोलीच्या आमच्या घराच्या पडवीत बसून दुसरं काही केलं नाही. मग डाय मशीनवर निघू लागल्या. गिऱ्हाइकं कमी झाली तरी जुने दोन-तीन व्यापारी यायचे. त्यांतल्या एका शेठने एक दिवस डाय उजेडात धरून बघितली, परत फडक्यात गुंडाळली आणि बाबांना म्हणाला, "काका, आता बस करा. तुमचा हात गेला." बाबांनी तीच डाय त्याच्याकडून मागून घेतली आणि दुसऱ्या दिवशी पडवीतलं काम बंद केलं.

त्यानंतरची दोन वर्षं बाबांनी काहीच केलं नाही. पेपर वाचायचे, तोही वरवर. बाजारातून येताना सोनाराची गल्ली टाळून लांबून यायचे. जेवताना कधीकधी उजवा हात ताटाशेजारी उताणा ठेवून त्याच्याकडे बघत बसायचे. हात खरंच गेला की शेठचं मन उठलं, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं, आणि ते कळायला कुणी काम देत नव्हतं. मी मुलगा असून मला हे दिसत होतं आणि त्यावर मी काय करत होतो, तर विमानं चिकटवत होतो.

म्हणून मी वापीला गेलो नाही. बाबांसमोर शायानचे फोटो आणि किटबरोबर आलेला नकाशा ठेवला आणि म्हटलं, एवढी शेपटी पितळेत करून द्या. बाबांनी फोटो बघितले, मग माझ्याकडे बघितलं. साठीकडे चाललेला माणूस हेलिकॉप्टरच्या शेपटीसाठी बापापुढे उभा आहे, हे दृश्य त्यांनी पुरतं उपभोगलं. उडतं का म्हणाले. नाही म्हटलं. चावीने चालतं? नाही. मग करायचं काय याचं? कपाटात ठेवायचं. "आणि यासाठी तुला पगारी सुट्टी मिळते," एवढं बोलून त्यांनी फोटो ठेवून घेतले.

पण दुसऱ्या दिवशी कचेरीतून आलो तर पडवीतलं टेबल झाडलेलं होतं. कानशी ओळीने लावलेल्या, ऐरणीवरचा गंज घासून काढलेला, डोळ्याला भिंग. एकच तुकडा हवा, तर त्याच्यासाठी डाय कशाला कोरायची, म्हणून त्यांनी पितळेची पट्टी थेट कानशीने आणि छिन्नीने घडवायला घेतली होती. आठवडाभर मी घरी आलो की कानशीचा आवाज यायचा. बायको म्हणाली, सासरे दुपारी झोपत नाहीत, चहा थंड होतो, आणि बऱ्याच दिवसांनी मीठ कमी आहे म्हणून ओरडले. तिने हे सगळं आनंदाने सांगितलं.

तुकडा मिळाला तो दिवस मला लख्ख आठवतो. बाबांनी तो स्वच्छ रुमालावर ठेवला होता, बोटाएवढा. पात्यावरच्या रेघा केसासारख्या, पंख्याच्या चारही पाकळ्यांना बरोबर तेवढाच पीळ, आणि बारीक रिव्हेट एका ओळीत, एकही सरकलेला नाही. इतकं चांगलं काम आमच्या मंडळात कुणी बघितलंही नव्हतं.  बाबांनी आपला उजवा हात पुढे करून माझ्या डोळ्यांसमोर धरला. हात स्थिर होता.

आत जाऊन मी तुकडा शेपटीच्या जागी लावून बघितला. पंखा उजवीकडे होता. पात्याच्या वरच्या अंगाला रेघा, खालचं अंग सपाट, त्यामुळे पालथा करून बसवायचीही सोय नव्हती. काय झालं असेल ते कळायला मला फार वेळ लागला नाही. पन्नास वर्षं जो माणूस डोळ्यांनी डावं बघून हाताने उजवं कोरत आला, त्याला थेट वस्तू घडवायची म्हणजे काय हे हाताने विचारलंच नाही. चित्र डोळ्यांतून आत गेलं आणि हातातून सवयीने उलटं बाहेर आलं. अशी चूक करायला आधी अर्धं शतक बिनचूक काम करावं लागतं.

बाहेर येऊन सांगायला हवं होतं. अगदी सोपं वाक्य होतं. पण बाबा पडवीत बसून दोन वर्षांत पहिल्यांदा शेजाऱ्याशी सोन्याच्या डायबद्दल बोलत होते, आणि मी परत आत गेलो आणि तो तुकडा चिकटवून टाकला. मला वाटलं, मी मोठं मन दाखवतोय. स्वतःबद्दल इतकं चांगलं मला आयुष्यात फार कमी वेळा वाटलं आहे.

मॉडेल पुरं झालं आणि रविवारी टेबलावर गेलं. अध्यक्षांनी चहा संपवला, भिंग पुसलं आणि वाकले. पितळेवरचं काम बघून ते क्षणभर थबकले, म्हणाले, काम उत्तम आहे. मग भिंग सरकत सरकत पंख्याशी आलं आणि तिथेच थांबलं.  अध्यक्षांच्या ओठांवर ते हसू यायला लागलं, जे दुसऱ्याची चूक सापडल्यावर येतं आणि ज्यासाठी ते रविवारची वाट बघतात. आणि मी कुठल्या तंद्रीत होतो कोण जाणे, त्यांनी तोंड उघडायच्या आत बोलून गेलो, "हे त्या दहांतलं ते आहे. चाचणीसाठी पंखा उजवीकडे घेतला होता ना, ते."

असं कुठलंही हेलिकॉप्टर जगात नाही. अध्यक्षांनी एवढंच म्हणायला हवं होतं, की मला हे माहीत नाही. पण निवृत्त झाल्यापासून ते वाक्य त्यांच्याकडून निघालेलं नाही, आणि नोकरीत असतानाही निघालं असेल अशी शक्यता कमी. त्यांनी भिंग सावकाश मिटलं. म्हणाले, हो, ते. मी तेच बघत होतो, की तुम्ही ते पकडलंय का. मास्तर म्हणाले, त्या चाचणीबद्दल दोन मतं आहेत. उरलेल्या दोघांनी माना डोलावल्या, आणि त्यांतल्या एकाने तर आपण तो फोटो पाहिल्याचं सांगितलं. मला हसू फुटत होतं. शेवटी मला खोकल्याचं निमित्त करून जिन्यात जावं लागलं.

हे इतक्यावर थांबलं असतं तर बरं होतं. पण पुढच्याच आठवड्यात अध्यक्षांनी लाजत लाजत कबूल केलं की शायानचं एक किट त्यांच्याकडेही आहे, बंद खोक्यात. मग मास्तरांकडेही निघालं. मग त्या दोघांकडे. ज्या दुर्मीळ किटचा मालक या सबंध पट्ट्यात आपण एकटेच, असं प्रत्येकजण मनात धरून बसला होता, ते पाचही जणांच्या कपाटात पुस्तकांच्या मागे होतं. आता चौघांनाही उजवीकडच्या पंख्याचं शायान हवं होतं. डावीकडचं काय, कुणीही करतं.

आणि एका दुपारी अध्यक्ष मसोलीला आमच्या घरी आले. बाबांना त्यांनी वाकून नमस्कार केला, त्यांच्याच पडवीत त्यांच्यासमोर बसले आणि माझ्यासारख्याच चार तुकड्यांचं काम घालून गेले. बाबांनी लगेच होकार दिला नाही. गिऱ्हाइकाला थोडं थांबवायचं असतं, ते त्यांना अजून येत होतं. विचार करून म्हणाले, चार नग म्हणजे मग डायच कोरतो. अध्यक्ष गेल्यावर बाबा सोनाराच्या गल्लीतून पोलाद आणायला गेले. लांबून नाही, सरळ गल्लीतून. मी सायंकाळी घरी आलो तेव्हा ते आंघोळ करून बसले होते, आणि मला तेव्हाही सांगता आलं असतं.

डाय कोरायला माणूस माल बघून बसत नाही, चित्र बघून बसतो, हा बाबांचा नियम. त्यांनी तेच जुने फोटो काढले, पोलादावर उलटं रेखाटन केलं आणि काम सुरू केलं. अर्ध्यावर आल्यावर माप पडताळायला म्हणून माझं मॉडेल मागून घेतलं. शनिवार होता, मी घरीच होतो. ते मॉडेल टेबलावर ठेवून त्यांनी डाय त्याच्या शेजारी धरली आणि मग बराच वेळ कानशीचा आवाज आला नाही. डाय आणि तिच्यातून निघालेला माल नेहमी एकमेकांच्या उलट दिसतात. या दोन्ही वस्तू अगदी सारख्या दिसत होत्या. पोलादातला पंखा उजवीकडे आणि पितळेतलाही उजवीकडे. म्हणजे दोहोंतलं एक चूक, आणि डाय तर त्यांनी चित्रावरून तीनदा ताडलेली.

त्यांनी मला हाक मारली. भिंग डोळ्यावरून काढलं.

"हे उलटं आहे. तुला माहीत होतं?"

मी हो म्हटलं. पुढे काहीतरी बोलायला लागलो, की तुम्ही इतक्या दिवसांनी कामाला बसला होतात, की काम इतकं सुरेख होतं. त्यांनी हाताने थांबवलं.

"शेठने निदान तोंडावर सांगितलं होतं," ते म्हणाले. "माझ्या हातून चुका काय कमी झाल्या? पण चुकलेला माल या पडवीतून कधी बाहेर गेला नाय. हा तू नेलास."

एवढंच बोलून त्यांनी भिंग परत लावलं आणि डाय पुरी करायला घेतली. मी तिथे उभा होतो. मला वाटलं होतं ते खचतील, पुन्हा ताटाशेजारी हात ठेवून बसतील. तसं काही झालं नाही. हात चुकतो हे त्यांना सहन होत होतं; पण ते तोंडावर सांगण्याच्या लायकीचं आपल्याला कुणी समजलं नाही, हे सहन होत नव्हतं. हे कळायला मला जवळजवळ साठ वर्षं लागली, आणि त्या वेळीही ते कळलं ते आपली बाजू कशी सावरावी याचा विचार करताना.

डाय पुरी होऊन चारही तुकडे निघाले, त्यानंतरच्या रविवारी बाबा मंडळात येतो म्हणाले. धोतर नेसले, टोपी घातली. कापड दुकानाचा जिना त्यांनी एकेक पायरी थांबत चढला. चार तुकडे एका डबीत कापसावर ठेवलेले. चौघांनी उठून त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला. बाबांनी डबी टेबलावर ठेवली आणि उभ्यानेच सांगितलं, की मुलाकडे जो पहिला तुकडा आहे त्यात माझी चूक झाली आहे, पंखा उलट्या बाजूला आला आहे, हे चार बरोबर आहेत, डावीकडचे. ऑर्डर त्या पहिल्यासारख्याच तुकड्यांची होती, पण चित्रात पंखा डावीकडे आहे, म्हणून चित्राप्रमाणे केलं.

अध्यक्ष मोठ्या समजूतदारपणे हसले. म्हाताऱ्या कारागिराला धीर द्यावा तसं म्हणाले, "काका, तुमचं काही चुकलेलं नाही. तसं एक हेलिकॉप्टर आहे. खरंच आहे." मास्तरांनीही या वेळी दोन मतं ठेवली नाहीत, म्हणाले, आहे आहे. माना डोलावणाऱ्यांनी माना डोलावल्या, आणि फोटो पाहिलेल्याने पुन्हा फोटोची आठवण काढली.

बाबांना नवल वाटलं. ते वळले आणि मला विचारलं, "कुठं आहे?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. खाली दुकानात कुणीतरी कापड फाडल्याचा आवाज आला. मी म्हटलं, "कुठंच नाही. मी बनवून सांगितलं होतं."

 अध्यक्षांनी भिंग काढलं, उगीच पुसलं आणि म्हणाले, मला तेव्हाच शंका आली होती. मास्तर म्हणाले, तसा पुरावा कुठे मिळाला नव्हताच. फोटो पाहिलेला म्हणाला, तो फोटो बहुतेक उलटा छापलेला असावा. दोन मिनिटांत चौघेही मुळापासून डावीकडचे झाले होते. त्यांनी बाबांच्या डबीतले तुकडे एकेक करून भिंगाखाली घेतले. अध्यक्ष बऱ्याच वेळाने म्हणाले, "असं काम मी पाहिलेलं नाही." त्या माणसाला मी इतकी वर्षं ओळखतो; त्यांच्या तोंडून निघालेलं ते पहिलं वाक्य होतं ज्यात त्यांना काही माहीत असल्याचा दावा नव्हता. बाबांनी मान किंचित हलवली, शेठसमोर हलवायचे तशी, आणि चहा संपवला.

परत येताना रिक्षात आम्ही दोघंच. बाबा बाहेर बघत होते, चेहरा मोकळा, गुडघ्यावर बोटांनी ताल धरलेला. पुढच्या महिन्यात मास्तर त्यांच्याकडे एका विमानाची चाकं करून घ्यायला येणार होते. मसोलीचं वळण आल्यावर मी धीर केला आणि विचारलं, डाय तयारच आहे, तर माझ्यासाठी एक डावीकडचा तुकडा ठोकून द्याल का.

"तुला कशाला?" बाबा म्हणाले. "तुला उजवीकडचाच चालतो ना."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. घरी आल्यावर त्यांनी डाय फडक्यात गुंडाळली, फळीवर ठेवली आणि बायकोला जेवायला वाढ म्हणाले. मी आत जाऊन माझं हेलिकॉप्टर कपाटात ठेवलं आणि दार लावलं.